ओव्हन लावला की ईएलसीबी पडतो – दिवाळी तोंडावर, मदत करा (सांगली)

नानकटाई | १४ ऑक्टोबर, रात्री ९:५०

नमस्कार मंडळी. मी विश्रामबागला राहते. दिवाळीत नानकटाई आणि बेदाणे घातलेल्या केकच्या घरगुती ऑर्डरी घेते. ओव्हन म्हणजे साधा ओटीजी, ४० लिटरचा, सहा वर्षं वापरातला. मागच्या पट्टीवर २३० व्होल्ट, १६०० वॅट असं लिहिलंय. वर दोन रॉड, खाली दोन रॉड.

जूनमध्ये प्लास्टिकमध्ये गुंडाळून माळ्यावर टाकला होता. दसरा झाल्यावर काढला, पुसला, लावला. चार-पाच मिनिटं छान तापला आणि घरभर अंधार. एमसीबी (ओव्हरलोडला पडणारे छोटे स्विच) सगळे वर, फक्त ईएलसीबी (करंट गळला की घरभर वीज तोडणारा स्विच) खाली. परत वर केला, परत ओव्हन लावला, की परत तेच. कधी लावल्या लावल्या, कधी दहा मिनिटांनी.

जवळच्या एका इलेक्ट्रिशियनला बोलावलं. त्यांनी टेस्टर लावून पाहिला, प्लग उघडला, हिरवी वायर कापून मागे दुमडली आणि म्हणाले, "आता पडणार नाही." खरंच पडला नाही! पण काल सासूबाईंनी ओल्या हाताने ओव्हनच्या दाराची मूठ धरली आणि झिणझिण्या आल्या म्हणून ओरडल्या. तेव्हापासून प्लग काढून ठेवलाय. पहिली ऑर्डर २५ तारखेची आहे. नवीन घेऊ की दुरुस्त होईल?

भडंग | १४ ऑक्टोबर, रात्री १०:०५

ताई, ईएलसीबी जुना झाला की उगाच पडायला लागतो. आमच्याकडे पण पडायचा. बदलून टाका, नाहीतर १०० मिलीअँपिअरचा बसवा. कटकट मिटेल.

जुना वायरमन | १४ ऑक्टोबर, रात्री १०:४०

ताई, आधी ती हिरवी वायर जागेवर लावा. प्लगची मोठी पिन, वरची. ती लागेपर्यंत ओव्हनला हात नाही.

तुमच्याकडे आलेल्या माणसाने बिघाड काढला नाही, बिघाड सांगणाऱ्याचं तोंड बांधलं. ईएलसीबी काय करतो? फेजमधून जेवढा करंट गेला तेवढाच न्यूट्रलमधून परत आला का, एवढंच बघतो. ३० मिलीअँपिअरचा फरक पडला की खाली. तुमचा करंट ओव्हनच्या पत्र्यावर उतरून अर्थमधून (त्या हिरव्या वायरीतून जमिनीत) जात होता, म्हणून तो पडत होता. अर्थ कापला, मग करंटला जायला वाटच नाही, म्हणून पडेना. पण पत्रा जिवंत राहिला. सासूबाईंनी हात लावला तेव्हा वाट मिळाली. त्यांच्यातून.

भडंग, १०० मिलीअँपिअरचा ईएलसीबी वायरिंगला आग लागू नये म्हणून असतो, माणूस वाचवायला नाही. असले सल्ले देऊ नका राव.

आता ताई, एकच सांगा. नॉब फक्त वरच्या रॉडवर ठेवला तर पडतो का? आणि फक्त खालच्या रॉडवर?

भडंग | १४ ऑक्टोबर, रात्री १०:५२

काका, रागावू नका. पण एमसीबी का पडत नाही मग?

जुना वायरमन | १४ ऑक्टोबर, रात्री ११:१०

कारण शॉर्ट नाहीये. एमसीबी ओव्हरलोडला आणि शॉर्टला पडतो. १६०० वॅटला सात अँपिअर. गळती त्याच्या शंभराव्या हिश्श्याची सुद्धा नाही. एमसीबीला त्याचा पत्ताही लागत नाही.

अजिंक्यतारा | १५ ऑक्टोबर, सकाळी ८:२०

धागा चालू आहेच तर माझंही सांगतो. सातारा, शाहूपुरी. माझा ओव्हन काही पाडत नाही, पण संध्याकाळी तापतच नाही. सकाळी २५ मिनिटांत होणारा केक संध्याकाळी ४५ मिनिटं घेतो आणि तरी मध्ये कच्चा. थर्मोस्टॅट गेला असेल का?

जुना वायरमन | १५ ऑक्टोबर, सकाळी ९:००

थर्मोस्टॅटला सकाळ-संध्याकाळ कळत नाही. व्होल्टेज मोजा. ओव्हन बंद असताना सॉकेटमध्ये किती, आणि ओव्हन चालू असताना त्याच सर्किटवर किती. दोन्ही आकडे इथे टाका. प्लग कशात लावता तेही सांगा.

नानकटाई | १५ ऑक्टोबर, दुपारी २:१५

काका, हिरवी वायर मुलाने लावली. मग सांगितलं तसं केलं.
फक्त वर: अर्धा तास चालला, काही नाही.
फक्त खाली: तिसऱ्या मिनिटाला पडला.
परत एकदा खाली: दीड मिनिट.

मुलगा इथेच वालचंदला इंजिनिअरिंगला आहे, पण सिव्हिलला. त्याच्याकडे मल्टीमीटर आहे, कशाला घेतला होता देव जाणे.

भडंग | १५ ऑक्टोबर, दुपारी २:४०

+१ सिव्हिलवाल्याकडे मल्टीमीटर 😀

पण काका, एक शंका. घरातल्या फ्रिज, कॉम्प्युटर, गीझर सगळ्यांची थोडी थोडी गळती असते म्हणतात. ती मिळून होत असेल तर? ओव्हन बिचारा शेवटची काडी.

जुना वायरमन | १५ ऑक्टोबर, दुपारी ३:०५

हा प्रश्न बरोबर आहे, याला दाद देतो. ३० चा ईएलसीबी १५ च्या खाली पडायचा नाही आणि ३० ला पडायलाच पाहिजे, मधे कुठेही पडू शकतो. त्यामुळे घरात आधीच आठ-दहा मिलीअँपिअर गळत असतील तर ओव्हनच्या थोडक्या गळतीनेही पडेल. ताई, बाकी सगळे प्लग काढा, गीझरसकट, आणि फक्त खालचे रॉड लावा. पडला तर भांडण ओव्हनशीच आहे.

नानकटाई | १५ ऑक्टोबर, दुपारी ४:३०

सगळं काढलं. फ्रिजमधलं लोणी मऊ झालं तेवढ्यात. चौथ्या मिनिटाला पडला. शेजारच्या काकूंकडेही लावून पाहिला, त्यांचाही पाडला. काकू आता माझ्याशी बोलत नाहीत.

जुना वायरमन | १५ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:२०

मग खालचे रॉडच. आता प्लग भिंतीतून काढा, नुसतं बटण बंद करून भागत नाही. बटण फक्त फेज तोडतं. कित्येक घरांत सॉकेटला फेज-न्यूट्रल उलटे असतात, तिथे बटण बंद केलं तरी आत फेज जिवंतच. सॉकेटकडे तोंड केलं की वर अर्थ, उजवीकडे फेज, डावीकडे न्यूट्रल, असं पाहिजे.

ओव्हन गार झाला की बाजूचं कव्हर काढा. आधी मोबाईलने फोटो. खालच्या रॉडच्या वायरी सोडवा, ओहमवर ठेवून दोन आकडे घ्या. पहिला, रॉडच्या दोन टोकांमध्ये. दुसरा, एक टोक आणि रॉडची बाहेरची नळी यांच्यात. दोन्ही रॉड वेगवेगळे मोजा.

थिंबलांकडेही (वायरीच्या टोकाला दाबलेल्या धातूच्या टोप्या) बघा. काळी पडलीत का, ढिली आहेत का.

कृष्णाकाठ | १५ ऑक्टोबर, रात्री ८:००

गावभागातून. २०१९ च्या ऑगस्टमध्ये आयर्विन पुलापाशी पाणी ५७ फुटांवर गेलं होतं. धोक्याची पातळी ४५. आमचा ओव्हन तळमजल्यावर, पाण्याखाली. पूर ओसरल्यावर धुतला, आठ दिवस उन्हात ठेवला, बाहेरून कोरडा ठणठणीत. लावला की धाड. शेवटी चारी रॉड, थर्मोस्टॅट आणि आतल्या वायरी बदलल्या. वायरीवरच्या सुती आवरणात गाळ जाऊन बसला होता, पिळला की चॉकलेटी पाणी यायचं. वायरी बदलताना कुणीतरी साधी घरातली पीव्हीसी वायर घातली, ती महिन्याभरात वितळून पत्र्याला चिकटली. तिला सत्तर अंश झेपतात, ओव्हनच्या पोटात तेवढ्याने काय होतंय.

ताई, तुमचा पुरात नव्हता ना?

नानकटाई | १५ ऑक्टोबर, रात्री ९:३०

नाही हो, आमच्याकडे पाणी येत नाही. माळ्यावर होता, प्लास्टिकमध्ये. पण माळ्याची भिंत पावसाळ्यात ओली होते खरी.

आकडे:
रॉड एक: टोक ते टोक ३३ ओहम. टोक ते नळी, मीटर काहीच दाखवत नाही, डावीकडे नुसता "१".
रॉड दोन: टोक ते टोक ३३. टोक ते नळी ०.८ मेगाओहम, पण आकडा स्थिर राहत नाही, हलतो.
वरच्या दोन्हींना टोक ते नळी "१".

भडंग | १५ ऑक्टोबर, रात्री ९:४५

काका, आता मी तुम्हाला पकडलं. २३० भागिले आठ लाख म्हणजे पाव मिलीअँपिअरच्या आसपास. एवढ्याने ईएलसीबी कसा पडेल? पडायला ३० पाहिजेत, म्हणजे २३० भागिले ०.०३, साडेसात हजार ओहमच्या आसपास. कुठे आठ लाख, कुठे साडेसात हजार.

जुना वायरमन | १५ ऑक्टोबर, रात्री १०:३०

गणित बरोबर, पण गार रॉडचं. आणि मीटर आत दोन-चार व्होल्ट देतो, घरात २३० येतात.

रॉडच्या आत बघा काय असतं. मधे नायक्रोमची तार, बाहेर स्टीलची नळी, आणि दोघांच्या मधे ठासून भरलेली पांढरी पावडर, मॅग्नेशियम ऑक्साइड. ही पावडर उष्णता सोडते, वीज सोडत नाही. पण हवेतला ओलावा पिते. मीठ पावसाळ्यात कसं पाझरतं, तसंच समजा. चार महिने न तापलेला रॉड टोकांकडून ओल ओढून घेतो. तापायला लागला की ती ओल आत फिरते, वाफ होते, आणि विरोध आठ लाखांवरून हजारांत येतो. म्हणूनच ताईंचा ईएलसीबी बहुतेक वेळा लगेच नाही, तीन-चार मिनिटांनी पडतो. ही वेळच मला पहिल्या दिवशी खुणावत होती.

चांगल्या रॉडला या मीटरने आकडाच दिसायला नको. दिसला की संशय. खात्री मेगरने होते, तो ५०० व्होल्ट टाकून मोजतो. मोटर रिवाइंडिंगच्या कुठल्याही दुकानात असतो. ताई, दोन्ही रॉड पिशवीत घालून घेऊन जा.

मिरजेची मावशी | १६ ऑक्टोबर, सकाळी ७:४५

वाचते आहे, वाखु (वाचनखूण) साठवली. माझा प्रश्न छोटा आहे. माझा ओव्हन एकदम बंदच पडला, दिवाही लागत नाही. नवाच आहे.

जुना वायरमन | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:१०

मावशी, टायमरचा नॉब फिरवलात का? टायमर शून्यावर असला की पुढे वीज जात नाही.

मिरजेची मावशी | १६ ऑक्टोबर, सकाळी ८:२५

अगंबाई.

अजिंक्यतारा | १६ ऑक्टोबर, सकाळी १०:००

काका, माझे आकडे. सकाळी ओव्हन बंद असताना २२८, चालू केल्यावर २२१. संध्याकाळी बंद असताना २१२, चालू केल्यावर १८५. प्लग १६ अँपिअरचा आहे, पण मोठ्या सॉकेटला फ्रिजचा लागतो म्हणून मी कन्व्हर्टर लावून छोट्या सॉकेटमध्ये लावतो. सकाळी मात्र फ्रिजचा काढून मोठ्यातच लावतो.

जुना वायरमन | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:३०

म्हणजे सकाळ-संध्याकाळ नाही, मोठं सॉकेट आणि छोटं सॉकेट. तुम्हीच उत्तर लिहिलंत आणि शेवटच्या ओळीत लपवलंत.

छोट्या सॉकेटमध्ये ओव्हन लावला की २७ व्होल्ट गायब होतात. ते कुठे जातात? सांध्यात, पिनेत, कन्व्हर्टरमध्ये. १८५ ला १६०० वॅटचा ओव्हन साडेपाच अँपिअर ओढतो. २७ गुणिले साडेपाच, दीडशे वॅट. म्हणजे दीडशे वॅटचा हीटर तुमच्या भिंतीत आणि त्या प्लास्टिकच्या कन्व्हर्टरमध्ये चालू आहे. आणि उष्णता व्होल्टेजच्या वर्गात उतरते, तेव्हा २३० ऐवजी १८५ मिळाले तर १६०० चे हजार-एक वॅटच उरतात. केक कच्चाच राहणार.

कन्व्हर्टर काढून हुंगा.

अजिंक्यतारा | १६ ऑक्टोबर, सकाळी ११:५०

जळका वास आहे. एक पिन तपकिरी झालीय आणि भोक थोडं अंडाकृती. फेकला. फ्रिज आता दुसरीकडे जाईल.

नानकटाई | १६ ऑक्टोबर, संध्याकाळी ७:१०

रिवाइंडिंगवाल्या दादांकडे गेले होते. पैसे घेतले नाहीत, नानकटाईचं आश्वासन घेतलं. रॉड एकला मेगर २०० मेगाओहमच्या वर. रॉड दोनला ०.०३. दादा म्हणाले, "हा गेला." काका, वाळवून बरा होईल का? नवीन रॉडपेक्षा आशा स्वस्त.

जुना वायरमन | १६ ऑक्टोबर, रात्री ९:००

करून बघू, यात तोटा नाही. रॉड परत बसवा, वायरी फोटो बघून लावा, कव्हर लावा, अर्थ आहे ना बघा. नॉब फक्त वरच्या रॉडवर, १५० अंश, दार एक बोट उघडं, दीड तास. वरचे रॉड खालच्यांना वाळवतील. खालच्यांना तेव्हा फेज नसते, म्हणून पडणार नाही. गार झाला की परत मीटर लावा. आणि तो तसाच रात्रभर ठेवून सकाळी परत मोजा. सकाळचा आकडा जास्त महत्त्वाचा.

भडंग | १६ ऑक्टोबर, रात्री ९:१५

ओव्हनमध्ये ओव्हन वाळवायचा! हे भारी आहे.

बाय द वे काका, मायक्रोवेव्हचंही कव्हर काढून असंच मोजलं तर चालेल का? आमचा गरम करत नाही.

जुना वायरमन | १६ ऑक्टोबर, रात्री ९:२०

नाही. मायक्रोवेव्हला हात लावायचा नाही. आत दोन हजार व्होल्टच्या वरचं काम आहे आणि कपॅसिटर प्लग काढल्यावरही चार्ज धरून बसतो. तो दुकानात न्या.

नानकटाई | १७ ऑक्टोबर, सकाळी ९:४०

रात्री वाळवल्यावर रॉड दोनला "१" आला! खालच्या रॉडवर वीस मिनिटं चालवला, पडला नाही. मी नाचले. मग आज सकाळी मोजलं तर २.१ मेगाओहम, आणि चालवला तर आठव्या मिनिटाला पडला. रात्री इथे पाऊस झाला.

जुना वायरमन | १७ ऑक्टोबर, सकाळी १०:१५

मग तो कुठून तरी श्वास घेतोय. नुसती माळ्याची ओल असती तर एकदा वाळल्यावर एका रात्रीत एवढी परत आली नसती. रॉड काढा, उजेडात धरा, हळूहळू फिरवा. वाकवलेली जागा आणि टोकापासून चार बोटं, तिथे बघा. भिंग असेल तर घ्या.

नानकटाई | १७ ऑक्टोबर, दुपारी १२:५०

सापडलं!! सासूबाईंचं पोथी वाचायचं भिंग कामाला आलं.

डाव्या टोकापासून साधारण तीन इंचांवर, खालच्या बाजूला, म्हणजे वरून कधीच दिसलं नसतं. केसाएवढी चीर, लांबी तांदळाच्या दाण्याएवढी. भोवती काळी कडा आणि चिरेतून पांढरी भुकटी बाहेर आलेली. मला आधी वाटलं मैदा आहे. नखाने खरवडली तर खडूसारखी. बरोबर त्याच जागेच्या वर ट्रेचा कोपरा येतो, आणि मला आठवतंय, गेल्या वर्षी केकचा पाक तिथे सांडला होता आणि मी तो सुरीने खरवडून काढला होता.

जुना वायरमन | १७ ऑक्टोबर, दुपारी १:३०

संपलं. हा रॉड आता कितीही वाळवा. नवीन घ्या.

पण थांबा, घेताना एक गोष्ट. तुमचे खालचे दोन रॉड एकामागे एक, म्हणजे सिरीजमध्ये आहेत. ३३ आणि ३३, मिळून ६६. २३० चा वर्ग भागिले ६६, ८०० वॅट. म्हणजे प्रत्येक रॉड ११५ व्होल्टचा, ४०० वॅटचा. दुकानात नुसतं "चारशे वॅटचा रॉड द्या" म्हणालात तर २३० व्होल्टचा देतील. मीटर घेऊन जा आणि ३३ ओहम बघूनच पैसे द्या. लांबी, टोकाची चुडी (आटे), सगळं जुन्याशी जुळवून.

नानकटाई | १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:२०

काका, तुम्ही दुकानात आधी जाऊन आला होता का? पहिल्या दुकानात अगदी तेच झालं. लांबी तीच, ४०० वॅट तेच, मालक म्हणाले, "वहिनी, डोळे झाकून घ्या." मुलाने मीटर लावला, १३२ ओहम. मालक म्हणाले, "मीटर खराब आहे." मग त्यांच्याच मीटरने मोजलं, १३२.

भडंग | १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ५:४५

तो लावला असता तर काय झालं असतं? गणित करतो. १३२ अधिक ३३, १६५ ओहम. ८०० ऐवजी ३२० वॅट. त्यातले २५६ नव्या रॉडवर, ६४ जुन्यावर. नानकटाई एका बाजूने बऱ्यापैकी आणि दुसऱ्या बाजूने पांढरी. आणि मग आपण इथे थर्मोस्टॅटवर नवा धागा काढला असता. काका, बरोबर?

जुना वायरमन | १८ ऑक्टोबर, संध्याकाळी ६:००

बरोबर. १०० मिलीअँपिअरवालं माफ केलं.

नानकटाई | २० ऑक्टोबर, रात्री ८:३०

दुसऱ्या दुकानात ३३.५ चा मिळाला, २८० रुपये. बसवला. एक थिंबल काळं होतं, तेही बदललं. ईएलसीबीचं टेस्टचं बटण दाबून पाहिलं, लगेच पडला, म्हणजे तो बिचारा कधीच खोटं बोलत नव्हता. मग वर-खाली दोन्ही, पाऊण तास. घरात दिवे शाबूत.

आज पहिला घाणा काढला. डाव्या बाजूच्या नानकटाया गेली दोन वर्षं थोड्या फिक्या व्हायच्या, मी ट्रे फिरवून घ्यायचे. आज फिरवावा लागला नाही. ते का, ते कळलं नाही.

जुना वायरमन | २० ऑक्टोबर, रात्री ९:१०

डावीकडचं ते काळं थिंबल. ढिलं असेल तर तो रॉड अर्धवटच पेटत असणार. अहो, पण थांबा, तुमचे दोन्ही सिरीजमध्ये आहेत, मग एकच बाजू फिकी कशी? दार नीट बसत नसेल. दाराची स्प्रिंग बघा, आणि कव्हर काढलं तेव्हा दार हलवलं होतंत का ते सांगा.

नानकटाई | २० ऑक्टोबर, रात्री ९:२५

बिजागरीचा स्क्रू ढिला होता, मुलाने आवळला. त्याला वाटलं सांगण्यासारखं नाही.

पावसाळ्यात परत माळ्यावर टाकायचाय. कसा ठेवू?

जुना वायरमन | २० ऑक्टोबर, रात्री ९:३५

प्लास्टिक नको, जुनी चादर. आणि महिन्यातून एकदा खाली उतरवून वीस मिनिटं रिकामा चालवा.

नानकटाई | २० ऑक्टोबर, रात्री ९:४०

मग माळ्यावर नकोच. काका, तुमचा डबा कुपवाडला कुठे पाठवू ते व्यनि (खासगी निरोप) करा. शेजारच्या काकूंना आत्ताच देऊन आले, बोलल्या.